चाकू पुसायची रीत

"मुडदा बशिवला मेल्याचा. चहावाल्या म्हाताऱ्याला मारलं की गं त्यानं," बनामावशी म्हणाली आणि पडद्याकडं हात करून तिनं दहाही बोटं कडाकडा मोडली.

मी टॉकीजच्या बायकांच्या दाराशी स्टुलावर बसले होते. मांडीवर बॅटरी आणि स्टुलाखाली मावशीची कोथिंबिरीची पाटी. मंडईतनं उठून ती सरळ तीनच्या खेळाला आली होती. पाटी आत न्यायची नाही असा मॅनेजरचा नियम होता, म्हणून ती मी माझ्याकडं ठेवून घ्यायची. त्या बदल्यात जाताना एक जुडी माझ्या पदरात पडायची.

"मावशी, हळू," मी म्हटलं.

"हळू काय हळू. बघ की, माणूस मारून चाकू पुसतोय कसा, पायताणाला. आईबाप हाईत का न्हाईत असल्यांना?"

आहेत की, असं अगदी ओठावर आलं होतं. आई गेली, पण बाप आहे, आणि थोरली बहीण तुमच्या पाटीची राखण करतीय. पण तेव्हा बोलले असते तर आमच्या आबांचाही तिथंच उद्धार झाला असता. मी पदर तोंडाला लावला आणि हसून घेतलं.

पडद्यावरचा तो मेला म्हणजे माझा धाकटा भाऊ, जयसिंग.

सिनेमाचं नाव 'उंच माडी'. झाला आमच्या कोल्हापुरातल्या स्टुडिओत, पण गोष्ट मुंबईची. गोदीत हमाली करणारा एक तरणा पोरगा. माडीवरच राहायचं असा हट्ट धरून बसलेला. चोरट्या मालाच्या धंद्यात शिरतो, एकेक मजला चढत जातो आणि शेवटी त्याच माडीवरनं गोळी खाऊन खाली येतो. हीरो मुंबईचा, हीरोइन पुण्याची आणि गर्दी सगळी कोल्हापूरची. जयसिंग गर्दीतला. एक्स्ट्रा म्हणायचे त्यांना. सकाळी स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं, आतनं माणूस येणार, बोट दाखवून म्हणणार, तू ये, तू ये, तू नको.

त्या दिवशी त्याला 'तू ये' झालं आणि हातात चाकू आला. लाकडी, वरनं चंदेरी रंग. डायरेक्टरनं सांगितलं, गळ्यात मफलर घे, चहावाल्याला भोसक आणि पळत सुट. आमच्या पठ्ठ्यानं भोसकलं, पण पळाला नाही. सावकाश उजवा पाय उचलला, चपलेच्या तळव्यावर पातं इकडनं एकदा, तिकडनं एकदा ओढलं आणि शीळ घालत असल्यासारखा चालत गेला. कॅमेरा चालूच राहिला.

"हे कुठनं आणलंस रे?" डायरेक्टरनं विचारलं.

"घरातनं, साहेब."

खरंच घरातनं. आम्ही सातपुते, पिढ्यान्‌पिढ्या पायताणं करणारे. आबा चामडं कापायच्या आधी रापीचं रुंद पातं पायातल्या पायताणाच्या तळव्यावर असंच ओढायचे. त्यानं धार चढते. बसल्या बसल्या पाय उचलला, सपक, सपक, की कापायला सुरुवात. लहानपणापासून आम्हाला तो आवाज कानात. जयसिंगनं तो उचलून सिनेमात नेऊन ठेवला.

मी येऊन आबांना सांगितलं, तुमची रापी पडद्यावर गेलीय, चला बघायला. आबा मान वर न करता म्हणाले, "घरात रोज बघतोय की. तिकडं काय येगळं हाय?"

पण गावानं मात्र बघितलं. आणि गावातल्या पोरांना काय लागतंय. पंधरा दिवसांत जो तो पाय वर करायला लागला. कॉलेजची पोरं कंगवा पुसायची चपलेला, हॉटेलातली पोरं चमचा पुसायची. एक केळीवाल्याचा मुलगा केळं घेऊन करायचा. आमच्या टॉकीजवर बंदोबस्ताला असणारे निकम हवालदार, चांगले दोन लेकरांचे बाप, तेसुद्धा दंडुका बुटाला घासून मला म्हणायचे, "मालनताई, जमलं का?"

"पाय आणखी वर हवा," मी म्हणायची.

हे सगळं कुणामुळं चाललंय, हे आमची गल्ली आणि निकम सोडले तर कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांत जयसिंगचं नाव नव्हतं आणि मफलरमध्ये तोंड अर्धं. त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. तो म्हणायचा, "आक्का, नाव येईल. आधी काम येऊदे." आणि काम आलं पण. त्याच डायरेक्टरनं पुढच्या सिनेमात त्याला बोलायचं काम दिलं. एकच वाक्य. 'शेट, गाडी तयार आहे.' दिवाळीनंतर शूटिंग.

ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. आंघोळीला जाताना तेच, जेवताना तेच. भिऊन म्हणून बघायचा, इमानदारीनं म्हणून बघायचा, आतनं फितूर झालेल्या माणसासारखं म्हणून बघायचा.

"अरे गाडी तयार हाय एवढंच कळवायचंय न्हवं त्या शेटाला?" मी म्हटलं.

"कळवायचं नसतंय आक्का. म्हणायचं असतंय."

"मग रंकाळ्यावर जाऊन म्हण. माशांना कळव."

तो खरंच जायला लागला. संध्याकाळी कामं आटपली की रंकाळ्याच्या काठावर, जिथं माणूसकाणूस नसायचं तिथं उभं राहून पाण्याला सांगायचा, शेट, गाडी तयार आहे.

अशाच एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मंडईमागच्या बोळात एका आडत्याच्या दिवाणजीला कुणीतरी भोसकलं. माणूस जागेवर गेला. शहरभर तोच विषय. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी एका तरण्या पोराला धरलं. त्याचं आणि दिवाणजीचं वाकडं होतं, हे मंडईला माहीत होतं. पण तो मोठ्या घरातला, मागं माणसं उभी. लोक म्हणायचे, बघू किती दिवस आत राहतोय.

तीन-चार दिवसांनी सकाळी निकम हवालदार आमच्या दारात आले. आबा उंबऱ्याच्या आत चामडं भिजवत बसले होते आणि जयसिंग आरशासमोर भांग पाडत होता.

"जयसिंग, मोकळा हाईस का रे तासभर?"

"का हो? धरायला आलाय व्हय?"

"तुला धरून काय करू? ओळख परेड हाय आज. त्या धरलेल्या पोराच्या अंगलटीची, उंचीची दहा माणसं लागत्यात रांगेत उभी करायला. तालमीतली पोरं घेतल्यात, एक कमी पडतोय. नुसतं उभं राहायचं. साक्षीदार येणार, ज्याला बघितलं त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, झालं. चहा-वडा मिळंल."

जयसिंग हसला. "आक्का, बघ. इथं पण एक्स्ट्राच."

"जा की," मी म्हटलं, "सवय हाय तुला."

"रांगेत कुठं उभं करणार, हवालदार? मधी केलंत तर बरं. कडेचा माणूस दिसत न्हाई." असं म्हणत त्यानं पुन्हा भांग पाडला, सिनेमाला निघाल्यासारखा धुतलेला शर्ट घातला आणि गेला.

दुपारी मी टॉकीजला जायला निघाले तरी तो आला नव्हता. तीनचा खेळ सुटायच्या वेळी निकम आले आणि बायकांच्या दाराशी उभे राहिले. दंडुका काखेत, तोंड उतरलेलं.

"मालनताई, त्याला ठेवून घेतलंय."

"कुणाला?"

"जयसिंगला."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिली साक्षीदार बाई आली, रांगेवरनं एकदा गेली, परत फिरली आणि जयसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे हसले. फौजदार पण हसले. त्या बाईला बाहेर बसवलं आणि दुसऱ्याला आत घेतलं, पानवाल्याला. तोही सगळ्या रांगेवरनं गेला आणि त्यानंही जयसिंगच्याच खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुणी हसलं नाही.

"जयसिंग काय म्हणाला?"

"त्याला वाटलं, चांगलं उभं राहिलोय म्हणून निवडलं. माझ्याकडं बघून डोळा मिचकावला त्यानं, ताई."

निकम दाराला टेकले. "मीच बोलावून नेलं त्याला," ते म्हणाले.

"बाई कोण होती?"

"मंडईतली. कोथिंबीर विकती बघ कोपऱ्यावर. बनाबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आबा डबा घेऊन चौकीवर गेलो. फौजदार नवीनच बदलून आलेले, बोलायला शांत. त्यांनी आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. जयसिंग कोपऱ्यात उभा होता. शर्ट तोच, नुसता चुरगळलेला. मला बघून त्यानं मान हलवली, काही नाही गं, अशी.

मी सगळं सांगितलं. साहेब, हा सिनेमात आहे. 'उंच माडी'त. बनामावशी दोन वेळा येऊन गेली, एकदा सुनेला घेऊन. मीच आत सोडलंय. तिनं याला पडद्यावर बघितलंय चाकू मारताना. पानवाल्यानंही बघितला असणार. तोंड ओळखीचं वाटलं म्हणून हात ठेवला.

निकमांनीही मधे तोंड घातलं. "खरं हाय, साहेब. अख्ख्या गावानं बघितलाय."

"मी सिनेमे बघत नाही," फौजदार म्हणाले. "पण समजा तसं झालं. तोंड पडद्यावरचं असेल. मग हे काय?" आणि त्यांनी बनामावशीची जबानी काढून वाचली. ती परेडच्या आधीची, खून झाला त्याच रात्री घेतलेली. त्यात होतं की इसमानं पळण्यापूर्वी पाय उचलून हत्यार पायताणास दोन वेळा पुसलं.

म्हणजे मावशीला भास झाला नव्हता. त्या बोळात कुणीतरी खरंच तसं केलं होतं.

"पोरं करतात तसं, साहेब," मी म्हटलं. "सगळी पोरं करतात. सिनेमा बघून."

"सिनेमात तू काय करतोस?" फौजदार जयसिंगकडं वळले. "दाखव बघू."

"चाकू लागंल, साहेब."

फौजदारांनी टेबलावरचा रूळ पुढं केला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, करू नकोस, वाकडंतिकडं कर, चुकव. पण जयसिंगनं रूळ हातात घेतला, आणि त्याला मी ओळखते ना, समोर माणसं बसलेली, सगळ्यांची नजर त्याच्यावर. त्याचे खांदे सरळ झाले. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, हवेत रूळ खुपसला, क्षणभर थांबला. मग उजवा पाय सावकाश वर आला. सपक. सपक. आणि चालत दारापर्यंत गेला. पडद्यावर कधी केलं नव्हतं इतकं सुंदर केलं त्यानं. बाकावरच्या एका शिपायाच्या तोंडून 'वा' निघून गेलं. जयसिंगनं माझ्याकडं बघितलं, कसं झालं, असं विचारल्यासारखं.

"हे तुला डायरेक्टरनं शिकवलं?"

"न्हाई साहेब. माझं मीच केलं. कुठल्या सिनेमात आधी न्हवतं हे."

"म्हणजे हे तुझंच."

"माझंच, साहेब."

फौजदारांनी मान हलवली. "त्या संध्याकाळी कुठं होतास?"

"रंकाळ्यावर. डायलॉग पाठ करत हुतो."

"कुणी बघितलं?"

"कुणी बघू ने म्हणूनच जात हुतो की."

आबा बाकावरनं उठले. पटका काढून हातात घेतला. मला वाटलं हातापाया पडणार. पण आबांना राग आला होता. ज्यातलं आपल्याला कळतं त्यावर भलतीच माणसं बोलायला लागली की त्यांना येतो तसला.

"साहेब, एक सांगतो. त्या पोराचं बी न्हवं आणि सिनेमाचं बी न्हवं त्ये. आमची रापी पुसायची रीत हाय ती. माझा बा असाच पुसायचा. मी पुसतो. त्यात खून कुठनं आला?"

"रापी म्हणजे?"

"चामडं कापायचं. रुंद पात्याचं असतंय."

फौजदारांनी निकमांकडं बघितलं. निकमांनी खाली बघितलं. डॉक्टरनं दिवाणजीची जखम रुंद पात्याची सांगितली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

"चांभाराशिवाय दुसरं कुणी असं पुसतं का?" फौजदारांनी विचारलं, अगदी सरळ आवाजात.

"आबा," मी म्हटलं.

"दुसऱ्याला कसं जमंल?" आबा म्हणाले. "न्हाई, साहेब. आमच्याबिगर कुणी न्हाई पुसत."

"लिहून घ्या," फौजदार म्हणाले.

त्याच दुपारी पोलीस घरी येऊन आबांच्या सगळ्या रापी कापडात बांधून घेऊन गेले. आबा मोकळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "मालन, मी चांगलंच सांगितलं न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आबा, चांगलंच सांगितलंत." दुसरं काय बोलणार होते?

मंडईत गेले. बनामावशी जुड्या बांधत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले. तिला आता कळलं होतं मी कोण ते.

"बस पोरी," ती म्हणाली आणि गोणपाट पुढं सरकवलं. "माझं काळीज तुटतंय बघ तुझ्यापायी. पण मी बघितलंय."

"मावशी, कुठं बघितलंत? आमच्या टॉकीजात बघितलंत. माझ्या शेजारी बसून बोटं मोडलीत तुम्ही."

"त्यो सिनेमा आणि ही मंडई. एवढं कळतंय मला. केस काय उन्हात पांढरं झाल्यात?"

"तोंड बघितलं होतं का नीट? बोळात दिवा तरी होता का?"

ती विचार करायला लागली. खोटं बोलणारी बाई नव्हती ती, तेच तर वाईट होतं. "तोंड," ती म्हणाली, "तोंड अंधूक. पण चाकू पुसलेला बघितला मी, लख्ख. आणि रांगेत तुझ्या भावाफुडं गेलो, तशी अंगावर काटाच आला. म्हटलं, ह्योच. माझं अंग काय खोटं बोलंल?"

"हेच सांगाल का कोर्टात? तोंड अंधूक होतं म्हणून?"

"विचारलं तर सांगंन की."

निघताना तिनं एक जुडी माझ्या पदरात टाकली, नेहमीसारखी. मी ती परत ठेवली नाही. का ठेवली नाही, मला माहीत नाही. घरी आणून आमटीत घातली आणि आम्ही दोघांनी खाल्ली.

कोर्टानं नेमून दिलेला वकील तरुण होता. ऐकून घ्यायचा, हे त्याच्या बाजूनं सांगते. तो म्हणाला, "बाई, कोर्टात पडदा लावून सिनेमा दाखवता येत नाही. पण एक करा. मला एक पोरगा आणून द्या. जो साक्षीला उभा राहून म्हणेल की मी चांभार नाही, सिनेमावाला नाही, तरी मी पण असंच करत होतो, आमच्यातले सगळेच करत होते. एकच द्या."

एकच ना, मला वाटलं. अख्खं गाव पडलंय.

हॉटेलात गेले. चमचा पुसणारा पोरगा म्हणाला, "मी? मी कधी केलं, ताई?" केळीवाल्याचा मुलगा बापाच्या मागं गेला आणि बापच म्हणाला, "आमच्या पोराला यात ओढू नका." तालमीत गेले, तिथं सगळी एकमेकांकडं बघत राहिली. कॉलेजच्या फाटकाशी तासभर उभी राहिले. कंगवे सगळ्यांच्या खिशात होते, पण पाय एकाचाही वर झाला नाही. ज्या दिवशी जयसिंगला धरल्याची बातमी पसरली, त्या दिवसापासनं सगळ्या कोल्हापुरातनं ती नक्कल नाहीशी झाली होती, कधी नव्हतीच अशी. भ्याली बिचारी. मी त्यांना काय दोष देऊ?

शेवटी निकमांकडं गेले. ते खुर्चीत बसून बराच वेळ बूट बघत राहिले. "मी उभा राहतो, ताई," म्हणाले. आठ दिवसांत त्यांची बदली गडहिंग्लजला झाली. साक्षीला बोलावलंच नाही कुणी.

कोर्टात मावशीला आमच्या वकिलानं तोंडाविषयी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अंधूक होतं. मग सरकारी वकिलानं विचारलं, हाच का तो? ती म्हणाली, ह्योच. आणि पदरानं डोळे पुसले. आबांची चौकीवरची जबानी वाचून दाखवली, आमच्याबिगर कुणी नाही पुसत. आबा माझ्या शेजारी बसून मान हलवत होते. आपलंच बोलणं मोठ्यानं वाचलं जातंय म्हणून त्यांना बरं वाटत होतं की काय, देव जाणे. ज्याला पहिल्यांदा धरलं होतं, तो केव्हाच सुटून घरी गेला होता. त्यानं केलं असेल का? मला माहीत नाही. कुणी केलं हे मला आजही माहीत नाही. एवढं नक्की की ज्यानं केलं त्यानं आमच्या टॉकीजात तिकीट काढून माझ्या भावाला बघितलं होतं.

जन्मठेप झाली.

बाहेर पोलिसांची गाडी लावली होती. मी फाटकाशी होते. जयसिंगला बेड्या घालून आणलं, तेव्हा तो माझ्यापाशी दोन क्षण थांबला. दिवाळी होऊन महिना गेला होता. त्याचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी म्हणून टाकलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "गाडी तयार आहे."

भिऊन नाही, इमानानं नाही, फितुरीनं नाही. इतकं साधं त्यानं ते कधीच म्हटलं नव्हतं. मला कळलं की आता त्याला ते जमलंय, आणि मी तिथंच फाटकाची सळई धरून रडले.

पुढच्या उन्हाळ्यात 'उंच माडी' मॅटिनीला परत लागला. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "मालन, हा आठवडा रजा घे." मी म्हटलं, घरी बसून काय करू? आणि खरं सांगायचं तर मला त्याला बघायचं होतं. तुरुंगात महिन्यातनं एकदा जाळीतनं दिसायचा. इथं रोज दिसणार होता.

शेवटच्या दिवशी आबा आले. आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजात. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, पायात स्वतः केलेलं पायताण. खेळ सुरू झाला होता, म्हणून मी त्यांना पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसवलं, मधल्या लाकडी कठड्याला लागून, माझ्या स्टुलाजवळ.

"कवा येतोय त्यो?" ते दर थोड्या वेळानं विचारायचे.

"येईल, आबा. आधी गोदी येऊन जाऊद्या."

गोदी झाली, गाणं झालं, चहावाल्याचा गाडा आला. मफलर आला. मी म्हटलं, "आबा, बघा." आबा पुढं सरकून बसले. चाकू आत गेला, चहावाला पडला आणि जयसिंगचा पाय सावकाश वर आला. सपक. सपक. माझ्या बाजूच्या बायकांनी बोटं मोडली. मागनं कुणीतरी म्हणालं, "मेल्याला फाशी द्यायला पायजे हुती."

आबा उठून उभे राहिले. आमच्या टॉकीजची जमीन सपाट, मागं कुणी उभं राहिलं की थेट उजेडात यायचं. पडद्यावर पटक्याची सावली पडली, बोळावर, जयसिंगच्या पाठीवर.

"बायांनो," आबा आमच्याकडं वळून म्हणाले, "तसं न्हवं त्ये. चामडं कापायच्या आधी पुसायची रीत हाय ती. मी शिकवलीय त्याला."

"ए म्हाताऱ्या, खाली बस," पुरुषांतनं ओरडा झाला.

"अवो, धार लागत न्हाई त्याबिगर," आबा त्यांच्याकडं वळले. त्यांना वाटलं लोकांना समजलं नाही, नीट दाखवायला पाहिजे. त्यांनी कठड्याला एक हात टेकला, उजवा पाय उचलला आणि दुसरा मोकळा हात पायताणाच्या तळव्यावर इकडनं एकदा, तिकडनं एकदा फिरवला.

लोकांना वाटलं म्हातारा नक्कल करतोय. सगळं थिएटर हसलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शीळ घातली. "वा रं म्हाताऱ्या, पुन्हा एकदा," असं पुढनं कुणीतरी ओरडलं, आणि आबांनी पुन्हा एकदा करून दाखवलं.

उभं राहिलेल्याला खाली बसवायचं हे माझंच काम. मी बॅटरी घेऊन कठड्याशी गेले आणि त्यांचा दंड धरला.

"आबा, बसा आता."

"तू तरी सांग की त्यास्नी," ते म्हणाले. "तुला ठावं हाय."

"हो, सांगते," मी म्हटलं आणि त्यांना बाकावर बसवलं. तोवर जयसिंगचा तुकडा संपला होता, आणि पडद्यावर हीरो जिना चढत होता.